हॅरी काळमेघ मैदान

उल्का काळमेघची आणि माझी ओळख तिच्या गाडीवरच्या लाल 'एल'मुळे झाली. तेरा वर्षं अमेरिकेत गाडी चालवलेली बाई ती. पण ओहायोचं लायसन्स आयर्लंडमध्ये चालत नाही, म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी तिला पुन्हा शिकाऊ व्हावं लागलं. काचेवर 'एल' चिकटवायचा, बारा धडे घ्यायचे आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेलं माणूस बसल्याशिवाय गाडी काढायची नाही. तिने कारखान्याच्या नोटीसबोर्डावर चिठ्ठी लावली होती : नासहून रोज सकाळी शेजारी बसायला कुणी आहे का? मी त्याच गावात, नासलाच राहते. आडनाव वाचून मी तिच्या लॅबमध्ये गेले आणि विचारलं, "तुम्ही नागपूरकडच्या का?"

"अमरावती," ती म्हणाली. "उद्या सव्वासातला निघू या?"

एवढंच. तू कुठली, नवरा काय करतो, मुलं किती, यातलं काही नाही. परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली, 'एल' निघाला, पण मी शेजारी बसायची ती बसतच राहिले. पेट्रोल वाचतं असं आम्ही एकमेकींना सांगितलं. हळूहळू 'तुम्ही'चं 'तू' झालं, उल्काची उल्काताई झाली. तीन वर्षं होऊन गेली आता.

आमच्या कारखान्यात रक्तवाहिनीतून आत सरकवायच्या बारीक नळ्या बनतात. मी पॅकेजिंगमध्ये इंजिनिअर आहे, ती मायक्रोबायॉलॉजीत. तयार नळ्या द्रवात बुडवून चौदा दिवस उबेत ठेवायच्या आणि द्रव गढूळ झाला नाही ना, ते रोज बघायचं, हे तिचं काम. सरळ पाठीची, केस मागे घट्ट बांधलेले, आवाज एका पट्टीत. हसायची, पण ते हसणं गालापर्यंतच असायचं. नवरा वारलाय आणि सोळा वर्षांची मुलगी आहे, एवढं मला ठाऊक होतं, तेही दुसऱ्यांकडून.

ती अमेरिकेहून आली हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कँटीनमध्ये अमेरिकेबद्दल मत नाही असं कुणीच नव्हतं. आमच्या टेबलावरचा पोलिश मेकॅनिक म्हणायचा, "माझी मावशी तीस वर्षं शिकागोत आहे. अजून इंग्रजी धड येत नाही तिला, तरी ती अमेरिकन. मी इथे शंभर वर्षं राहिलो तरी पोलिशच." ब्राझीलची लुआना म्हणायची, "तुझ्या मावशीकडे कागद आहेत. माझी बहीण बॉस्टनजवळ घरं साफ करते. मुलीला शाळेत सोडायला जायचंही बंद केलंय तिने." मग डेक्लन, आमचा शिफ्टचा मुकादम, पक्का इथला, किल्डेअर जिल्ह्याचा, त्याच्या मामाची गोष्ट काढायचा. मामा सत्त्याऐंशी साली सुट्टीला म्हणून बॉस्टनला गेला तो राहिलाच. कागद नव्हते. आई गेली तेव्हा येता आलं नाही, कारण आला असता तर परत जाता आलं नसतं. चर्चमधला सगळा विधी त्याने फोनवर ऐकला. "आणि तरी सांगतो," डेक्लन म्हणायचा, "त्या देशाने आमच्या लोकांना जेवढं दिलं तेवढं आम्ही स्वतःला दिलं नाही."

मग सगळे उल्काताईकडे बघायचे. ती खरी तिथे राहून आलेली ना.

"माणसं फार चांगली आहेत तिकडची," ती म्हणायची आणि डब्याचं झाकण लावायची.

मला या वाक्याचा राग यायचा. कारण मला खरंच उत्तर हवं होतं. माझा नवरा अभिजित सिटीवेस्टच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. फेब्रुवारीत त्याला साहेबांनी विचारलं होतं, नॉर्थ कॅरोलायनाच्या ऑफिसात जाणार का? अभिजित तेव्हापासून अर्धा तिथेच होता. मी एकदा गाडीत सरळ विचारलं, "उल्काताई, आम्ही जावं का? खरं सांग. तिथे बाहेरच्या माणसाला कसं वागवतात?"

"चांगलं वागवतात."

"मग तू का आलीस सोडून?"

सिग्नल लाल होता. तो हिरवा झाला, तिने गियर टाकला, आणि कारखाना येईपर्यंत आम्ही दोघी रेडिओवरचं हवामान ऐकत राहिलो.

मे महिन्यात एका सकाळी ती मला न्यायला आली, मी पट्टा लावला, पण तिने गाडी काढली नाही. फोन माझ्या हातात दिला. "वाच."

ओहायोतल्या त्यांच्या गावच्या बगीचे आणि मैदानं खात्याकडून आलेली मेल होती. आपले दिवंगत पती हॅरी यांनी आमच्या गावाला क्रिकेट शिकवलं. नगर परिषदेने एकमताने ठरवलं आहे की त्या मैदानाला त्यांचं नाव द्यावं. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी छोटासा समारंभ आहे. कुटुंबीय आले तर गावाला आनंद होईल.

"हॅरी कोण?"

"हर्षवर्धन. तिकडे जमायचं नाही कुणाला म्हणायला. त्यानेच सांगितलं, हॅरी म्हणा."

तारीख बघितली तर मेल तीन आठवडे जुनी होती. "मी उघडून बंद केली होती," ती म्हणाली. "काल रेवाने पाहिली. ती म्हणते, मॅम, वी आर गोइंग."

रेवा अमेरिकेत जन्मलेली. तिथे ती आईला 'मॉम' म्हणायची, इथल्या शाळेत दोन वर्षांत त्याचं 'मॅम' झालं. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र किल्डेअरच्या इंग्रजीत येतं.

त्या दिवशी आम्ही कामावर चाळीस मिनिटं उशिरा पोचलो. गाडी तिथेच उभी होती आणि उल्काताई समोरच्या काचेकडे बघत बोलत होती, जणू कुणाचा तरी रिपोर्ट वाचून दाखवतेय.

हर्षवर्धन एका किराणा दुकानांच्या साखळीच्या कॉम्प्युटर विभागात होता. गावाच्या एका टोकाला त्यांनी घर घेतलं. शेजारी ग्लेन नावाचा गृहस्थ, बासष्ट-त्रेसष्टचा, टायरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याच्या अंगणात एक पाटी होती : बाहेरच्यांना परत पाठवा, अशा अर्थाची. पहिल्या आठवड्यात ती पाटी पाहून उल्काताईला रात्री झोप आली नाही. दुसऱ्या आठवड्यात ग्लेन ॲपल पाय घेऊन आला आणि म्हणाला, यात अंडं घातलेलं नाही, बायकोने मुद्दाम तुमच्यासाठी तसा केलाय. पुढे त्याने हर्षवर्धनला गवत कापायचं यंत्र दुरुस्त करायला शिकवलं. हर्षवर्धनने त्याला मसाल्याच्या चहाची चटक लावली. पाटी होती तिथेच होती. दर निवडणुकीला नवी यायची.

क्रिकेटचं वेड हर्षवर्धनचं. फुटबॉलच्या मैदानाचा एक पडीक कोपरा त्याने नगर परिषदेकडून मागून घेतला. चार वर्षं पत्रं लिहिली. मग तिथे रविवारी खेळ सुरू झाला. कोण यायचं? भूतानमधून हाकललेले नेपाळी, गोदामात काम करणारे. दोन पाकिस्तानी डॉक्टर. जमैकाचा एक शाळामास्तर. एक सोमाली टॅक्सीवाला, ज्याला खेळ कळायचा नाही पण गप्पांसाठी यायचा. ग्लेन घडीची खुर्ची टाकून बसायचा आणि तिसऱ्या वर्षापासून त्याला एलबीडब्ल्यू कळायला लागला.

"एका शनिवारी," उल्काताई म्हणाली, "नोव्हेंबर होता, तो पानं गोळा करत होता अंगणात. मी आत भाजी चिरत होते. खिडकीतून दिसला तेव्हा उभा होता. परत बघितलं तर नव्हता. मला वाटलं मागे गेला असेल. ग्लेन कुंपण ओलांडून पळताना दिसला तेव्हा मी बाहेर आले."

ग्लेनने अकरा मिनिटं त्याची छाती दाबली. अँब्युलन्स येईपर्यंत थांबला नाही. अँब्युलन्सवाल्यांनी त्याला धरून बाजूला केलं तरी त्याचे हात हवेत दाबतच होते.

हर्षवर्धन बेचाळीस वर्षांचा होता.

अंत्यविधी नेपाळी भटजींनी केला. ते एरवी गोदामात खोकी उचलायचे. अर्ध्या दिवसाची रजा काढून आले. चर्चच्या बायकांनी पंधरा दिवस जेवण पोचवलं, प्रत्येक भांड्यावर पट्टी : यात मांस नाही. पाकिस्तानी डॉक्टरांनी सगळे कागद केले. सोमाली टॅक्सीवाल्याने रेवाला महिनाभर शाळेत सोडलं-आणलं. "आपल्या गावात एवढं कुणी केलं असतं का, मला माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही."

मग वकीलबाईंनी ऑफिसात बोलावलं. ही वकील व्हिएतनामहून बोटीतून आलेल्या निर्वासितांची मुलगी. ग्रीन कार्डच्या रांगेत हर्षवर्धनचा नंबर अकरा वर्षं लागला नव्हता. उल्काताईचं राहणं आणि काम करण्याचं परमिट, दोन्ही त्याच्या व्हिसाला जोडलेलं.

"ती म्हणाली, आय ॲम सो सॉरी, पण तुमचे पती गेले त्या दिवशी तुमचा इथला दर्जाही संपला. रेवाला राहता येईल, ती नागरिक आहे. तुम्हाला नाही. पाहुणी म्हणून थोडे महिने मिळवून देते, तेवढ्यात आवरा. बोलता बोलता रडली ती. मी तिला पाणी दिलं."

उल्काताईने घर विकलं, सामान वाटून टाकलं. ती तिथे नोकरी करायची त्या कंपनीतल्या एका आयरिश साहेबाने तिचा अर्ज इकडच्या कारखान्यात पाठवला, असं तिचं इथे येणं झालं. निघायच्या आधी तिने ग्लेनला सांगितलं तेव्हा त्याला कळेचना. "पण का जायचं? कुणी सांगितलं?"

"सरकारने."

"नाही, नाही. ते तुमच्यासाठी नाहीये," ग्लेन म्हणाला. "ते त्या दुसऱ्यांसाठी आहे."

चार सुटकेसा त्याने आपल्या ट्रकमध्ये चढवल्या आणि विमानतळावर सोडलं. रेवाला मिठी मारून मोठ्याने रडला. उल्काताई रडली नाही. तेव्हापासून नाहीच.

"म्हणजे दुःख झालं नाही असं नाही," तिने मला समजावून सांगितलं. "दातांच्या डॉक्टरने सुई दिली की ओठ आपलाच असतो ना, पण चहा प्यायलो तर सांडतो. तसं. चार वर्षं झाली. मला वाटलं होतं उतरेल."

मी तिच्या हातावर हात ठेवला. तिने तो थोडा वेळ राहू दिला, मग गियर टाकायचाय म्हणून काढून घेतला.

जुलैत तिला डब्लिनमध्ये व्हिसा मिळाला, दोन मिनिटांत. त्याच उन्हाळ्यात डब्लिनमध्ये आपल्या लोकांना मारहाण झाल्याच्या बातम्या एकामागून एक यायला लागल्या. अभिजितच्या ऑफिसातल्या एका पोराला बसस्टॉपवर ढकलून पाडलं, चष्मा फुटला. आम्ही जेवणानंतर पायी फिरायला जायचं बंद केलं. अभिजित म्हणाला, "बघ. इथे एकच जात, एकच रंग, त्यांना आपण खुपणारच. तिकडे सगळेच बाहेरून आलेले. कोण कुणाला परका म्हणणार?" मी म्हटलं, उल्काताई जाऊन येऊ दे. हा हसला. "ती काय सांगणार? माणसं चांगली आहेत."

ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी मीच दोघींना विमानतळावर सोडलं. सोमवारी त्या परत आल्या आणि मंगळवारी सकाळी सव्वासातला गाडी माझ्या दारात होती. पेट्रोल पंपावर थांबून तिने दोन कॉफ्या घेतल्या. तिने असं कधी केलं नव्हतं.

"सांगते," म्हणाली.

डब्लिनच्या विमानतळावरच अमेरिकेची चौकी आहे. विमानात चढायच्या आधी इथेच त्यांचे अधिकारी पासपोर्ट तपासतात. रेवाचा निळा पासपोर्ट, हिचा भारतीय, पण रेवा अल्पवयीन म्हणून दोघी एकाच खिडकीशी गेल्या. तरुण अधिकारी होता, छातीवर आयरिश आडनाव. त्याने रेवाचा पासपोर्ट लावला आणि हसून म्हणाला, "वेलकम होम." मग हिचा उघडला, पडद्यावर बराच वेळ वाचत राहिला.

"तुम्ही तेरा वर्षं ओहायोत होता."

"हो."

"का सोडलंत?"

"माझे पती वारले."

"ऐकून वाईट वाटलं, मॅम." त्याला खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. मग त्याने पुन्हा विचारलं, "पण मग देश का सोडलात?"

"मी त्याच्याकडे बघितलं," उल्काताई मला म्हणाली. "चेष्टा करत नव्हता तो. त्याला त्या दोन गोष्टींचा संबंधच लागत नव्हता. रोज तेच काम करणारा माणूस. मी म्हटलं, तुम्ही सांगितलं म्हणून."

"मग?"

"मग काही नाही. विचारलं, किती दिवस राहणार? म्हटलं, चार. शिक्का मारला. हॅव अ गुड ट्रिप."

तिकडे विमानतळावर ग्लेन घ्यायला आला होता. वाकलेला. बायको आता वृद्धाश्रमात, हाही रोज दुपार तिथेच काढतो. त्याने रेवाची उंची आपल्या खांद्याशी मोजून पाहिली. घरी नेलं, पाहुण्यांच्या खोलीत नवीन चादरी घातल्या होत्या, स्वयंपाकघरात चहाचा मसाला आणून ठेवला होता. आणि अंगणात पाटी. या वेळची जास्त मोठी.

त्यांच्या जुन्या घरात होंडुरासचं एक कुटुंब भाड्याने राहत होतं. नवरा छपरं घालणारा. पडदे सगळे ओढलेले. ग्लेन म्हणाला, दीड महिना झाला, तो घराबाहेर पडलेला नाही. धरपकड चालू आहे ना. मग सामान कोण आणतं? "मी आणतो," ग्लेन म्हणाला. "दर बुधवारी. बायको यादी लिहून कुंपणाला अडकवते. फार सज्जन लोक आहेत. त्या दुसऱ्यांसारखे नाहीत."

"तू काही बोलली नाहीस?"

"बोलले. मी विचारलं, ग्लेन, ही पाटी मग कुणासाठी आहे? तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. मला वाटलं चिडला. मग म्हणाला, खरं सांगू का, ती आता मला दिसतच नाही." उल्काताईने कॉफीचा घोट घेतला. "शर्वाणी, या माणसाने माझ्या नवऱ्याच्या बरगड्या मोडेपर्यंत छाती दाबली होती. मी काय बोलणार त्याला?"

समारंभाला साठ-सत्तर माणसं होती. नेपाळी पोरं आता मोठी होऊन कॉलेजात गेलेली. जमैकाचा मास्तर आला होता. पाकिस्तानी डॉक्टरांपैकी एक कॅनडाला निघून गेला, दुसरा आला. सोमाली टॅक्सीवाला आला नाही. राहण्याचा परवाना असूनही तो गर्दीत जात नाही म्हणे हल्ली. मैदानाच्या नव्या पाटीवर फुलाफुलांची चादर टाकली होती. महापौरबाई बोलल्या, आमचं गाव सर्वांचं आहे, इथे येणारा प्रत्येक जण आमचाच. मनापासून बोलल्या. चादर ओढली.

हॅरी काळमेघ मैदान.

टाळ्या झाल्या. बायका डोळे पुसायला लागल्या. उल्काताईनेही टाळ्या वाजवल्या. शेजारी रेवा लाल झाली. "मॅम, हे त्यांचं नाव नाहीये," ती इंग्रजीत म्हणाली, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "माझ्या बाबांचं नाव हर्षवर्धन आहे."

महापौरबाई गडबडल्या. ग्लेनचा चेहरा उतरला. नाव त्यानेच कळवलं होतं. मग उल्काताई माइककडे गेली. तिला बोलायला सांगितलंच होतं, ती काही तयारी करून गेली नव्हती.

"मी म्हटलं, त्याने स्वतःच तुम्हाला हे नाव दिलं होतं. त्याला हे चालेल. थँक यू. आणि खाली आले."

"रेवा?"

"रेवा रागावली माझ्यावर. रात्रभर बोलली नाही. सकाळी ग्लेनच्या गॅरेजमधून रंग घेऊन गेली मैदानावर, एकटीच. पाटीच्या खाली लाकडावर लिहून आली, हर्षवर्धन. पूर्ण नाव, इंग्रजीत. ग्लेन मागून शिडी घेऊन गेला. ती लिहीत असताना त्याने शिडी धरली म्हणे. परिषदेची परवानगी लागते, तो म्हणाला तिला, पण तू लिही, मी बघतो."

मी विचारलं, "आणि तुला काय वाटलं गं?"

तिने विचार केला. खरंच केला, मला दिसत होतं. "काहीच नाही. तेच तर सांगतेय. मला वाटलं होतं की तिथे गेल्यावर फुटेल काहीतरी. घर बघितलं, ती जागा बघितली जिथे पडला होता. तिथे त्या लोकांच्या पोराची सायकल होती. मी बघत उभी राहिले. थंडी वाजत होती, एवढंच वाटलं."

आम्ही पोचलो तेव्हा कारखान्याच्या फाटकातून डेक्लनने आम्हाला हात केला. अजून दहा मिनिटं होती. मी घाई केली, कारण पुन्हा अशी वेळ मिळाली नसती.

"उल्काताई, अभिजितला उत्तर द्यायचंय या महिन्यात."

"जा की," ती म्हणाली. "मी कधी नको म्हटलं? तिकडे तुला कुणी वाईट वागवणार नाही. आजारी पडलीस तर दारात जेवण येईल. ते खोटं नाही, मी पाहिलंय." मग माझ्याकडे वळली. "फक्त त्याच्या कागदावर जाऊ नको. तुझा स्वतःचा कागद कर. नोकरी शोध, वेळ लागू दे, वर्ष लागू दे. पण तुझ्या नावाचा."

तिच्या आवाजात जोर होता. तीन वर्षांत मी पहिल्यांदा ऐकला. तो लगेच गेलाही.

घरी हे सांगितलं तेव्हा अभिजित आधी म्हणाला, असं काय रोज होतं का. मग व्हिसाचे नियम स्वतः वाचून काढले. त्याने बदली नाकारली नाही, पुढच्या वर्षावर ढकलली. मी तिकडच्या दोन कंपन्यांना अर्ज केलेत. एकीने नकार दिला, दुसरीचं उत्तर यायचंय. इथली मारहाण विसरलेले नाही, आणि शनिवारी डून लेरीला समुद्रावर फिरताना ओळख ना पाळख कुणीतरी आमच्या कुत्र्याची चौकशी करत पाव तास उभं राहतं, तेही मोजते. निर्णय होत नाही, हे खरं आहे.

डिसेंबरात रेवाने आईला सांगितलं की शाळा संपली की ती ओहायोच्या विद्यापीठात शिकायला जाणार. ग्लेनशी तिचं बोलणं झालं होतं. सुट्टीत त्याच्याकडे राहणार. हे उल्काताईने मला गाडीत सांगितलं, वायपर चालू असताना, जसं ती कुठल्याही दिवशी काहीही सांगते.

"तुला चालेल?"

"तिचा देश आहे. मी कोण नको म्हणणारी?" पुढे एक ट्रॅक्टर होता, ती त्याच्या मागे सावकाश राहिली. "काल जेवताना म्हणाली, मॅम, मी एकवीसची झाले की तुझ्यासाठी अर्ज करीन. आईला बोलावता येतं तेव्हा. मग तुला कुणी जा म्हणणार नाही."

"मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हटलं. तिला बरं वाटलं. दुसऱ्यांदा भात घेतला तिने."

"आणि तुला? जायचंय तुला?"

ट्रॅक्टर शेतात वळला. समोरचा रस्ता मोकळा झाला तरी उल्काताईने वेग वाढवला नाही.

"मला नाही माहीत गं," ती म्हणाली. "अजून पाच वर्षं आहेत."